पहिला इंच

टेपचा पहिला इंच तुटलाय.
टेप सुरूच होतो एकपासून,
म्हणून जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा.
श्रीजाला हे पाठ आहे. सातवीत आहे ती.
मानेच्या खळगीवर अंगठा दाबून धरते
आणि मला म्हणते, हलू नको.

सुरुवात शून्यापासून झाली.
तिरुपतीला, पहाटे चारला, टोकन मुठीत,
न्हाव्याने मान वाकवली
आणि कमरेपर्यंतची जडा
मांडीवर न टेकता सरळ बादलीत गेली.
नवस एवढाच की शेड विकायला लागू नये.
शेड दिवाळीआधी विकली.
चारही माग भंगारात, किलोच्या भावाने.
केस कुठल्या भावाने गेले, कुणाला विचारणार?

परत आल्यावर मोजायला लागले.
शेडचीच वही होती, अर्धी कोरी:
डावीकडे ह्यांच्या अक्षरात मागनंबर, टॉवेल, मीटर,
उजवीकडे माझे इंच.
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो.
न्हाणं त्या दिवशी, मोजणं दुसऱ्या दिवशी, खडखडीत वाळल्यावर.
ओले केस खोटं बोलतात, इंचभर जास्तच सांगतात.
टॉवेलचं उलटं,
कोरा असतो तोवर लांब, धुतला की खरा.

चौदावर गाडी अडकली.
फेब्रुवारी चौदा.
मार्च चौदा.
एप्रिल, पत्र्याखाली जीव भाजतोय, चौदा.
वदिना म्हणाली, वय झालं, आता वाढ नाही.
पण मेंदीची लाल रेघ
मुळापासून दोन बोटं खाली उतरली होती
आणि तिच्यावर पांढरं, नवं, माझंच.
म्हणजे वाढत होते.
वर येत होतं तेवढंच खाली तुटत होतं,
उशीवर, फणीत, मोरीच्या जाळीत.

अम्मा सुपात पान कातरत होती. मान वर न करता म्हणाली,
हजार वळणं वेगळं, हजार भरणं वेगळं.
छाट कोण मोजतं?

मग बोअरचं पाणी डोक्याला बंद.
शेडमधला शेवटचा नमुन्याचा टॉवेल,
किनार न शिवलेला, तो रात्री बांधून झोपायचं.
विंचरायचं टोकाकडून, वर वर चढत,
जसे हे तुटलेली तार शोधायचे
मागाच्या फणीत, एकेक घर चाचपत.
आणि कात्री. अर्धा इंच मीच कापला.
टिकायला हवेत तर आधी थोडे सोडायचे,
हे हाताला कळलं, पोटाला कळायला वेळ लागला.

पंधरा. सोळा. साडेसोळा.
आषाढात सतरा! वही घेऊन मी वदिनाच्या दारात गेले.
तिने टेप लावला, एक वजा केला,
पुन्हा लावला.
पंधरा.

श्रीजा उंबऱ्यात पाय घासत उभी.
"वाढलालेत की, अम्मा. फक्त हळू.
आकडा बघून तू त्या दिवशी दोनदा चहा केलीस."

रागवायला तोंड उघडलं,
पण वही हातात होती आणि पान डावीकडचं उघडं.
शेडचं शेवटचं वर्ष.
त्या जूनमध्ये सूतच आलं नव्हतं,
बीम रिकामे, मला चांगलं आठवतंय,
तरी रोजचे मीटर लिहिलेले, सुबक,
बत्तीस, चौतीस, बत्तीस.
रात्री बेरीज मी करायचे.
हे समोर बसून नखं कुरतडायचे
आणि बेरीज जुळली की लवकर झोपायचे.

सतरा खोडलं नाही.
त्याच्याखाली पंधरा लिहिलं, तारीख घातली.
ह्यांना काही बोलले नाही,
फक्त जेवताना चटणी जरा जास्त वाढली.

उद्या पाण्याचा दिवस. परवा मोजू.
एक वजा कर, श्रीजा,
आणि उरेल ते सांग.