खोली : ——

ग्रामपंचायतीनं पाटी रंगवायला दिली :
घळीची लांबी, रुंदी, खोली.
पाहुण्यांना आकडा लागतो, सरपंच म्हणाले,
आकडा नसला की फोटो काढून निघतात.

मी आणि बाबल्या भुवड टेप घेऊन गेलो.
लांबी मिळाली.
रुंदी म्हणजे
या काठावरून त्या काठाला विडी देता येईल इतकी,
पण देताना हात थरथरतो.

खोलीला टेप पुरेना.
बाबल्यानं गरवायची दोरी सोडली, शिसं बांधून.
सुकतीला चार वाव.
भरतीला तेच शिसं
पाण्यानं वर फेकून दिलं,
आमच्या डोक्यांवरून,
मागच्या कातळावर टक्क.

आता लिहायचं काय?

पाटी उभी आहे. खोलीपुढं नुसती रेघ.
काल पुण्याच्या एक बाई विचारत होत्या,
'फार खोल आहे का हो?'
बाबल्या म्हणाला, 'थांबा. सातवी लाट येऊ दे.'
थांबल्या बिचाऱ्या, चपला हातात घेऊन.

पाणी आत शिरलं,
तळाशी काहीतरी गडगडलं, घळ ओरडली,
आणि बाई एक पाऊल मागं.

ते पाऊल मी मोजलं, त्या गेल्यावर, वाळूवर :
दोन फूट, वर चार इंच.
ब्रश मात्र अजून डब्यातच आहे.