कण्यालगतची रेघ

गुलाब, गुरुवारी तुझा नंबर आहे म्हणून सांगते.
टोपली सरकव, इथं सावलीला बस.
गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल,
बांगडा काय आता पळून जात नाही.

मालवणातनं सातची एस्टी धर.
उपाशी यायचं का, ते फोन करून त्यांनाच विचार.
मला कुणी तरी सांगितलं पाणीपण बंद,
आणि मी कोरडी ठणठणीत निघाले,
धामापूरच्या वळणावर ओकले.
कुडाळात तो मुश्ताक म्हणतो,
मावशी, पाणी कोणी बंद केलं होतं?

मुश्ताक म्हणजे मशीनवरचा पोरगा, वेंगुर्ल्याचा.
मिशी आत्ता फुटतेय, पण विचारतो सगळं.
साखरेची गोळी कुठली? आधी कधी सुईतनं औषध घेतलंय?
तेव्हा अंगावर काय उठलं होतं?
दिवस तर गेले नाहीत ना?
बावन्न वर्षं माझी! मी हसले.
तो नाही हसला.

कशाने खाज येते?
म्हटलं, कोळंबीने.
नाव?
शेवंती कोळंबकर.
तेव्हा हसला.

मला वाटलं, आता परत धाडतात.
सगळा बाजार म्हणत होता,
जिला कोळंबी लागते तिला ते औषध लागतंच.
तसं नसतं गो. ते वेगळं, हे वेगळं.
पण लिहून घेतात. लपवू नको.

रक्ताचा कागद घे, क्रिएटिनिन का काय ते.
आधीच थकलेल्या किडनीला औषध जड जाऊ शकतं,
म्हणून आकडा बघतात, मग सुई.
साखरेची गोळी थांबवायची का, तेही त्यांनाच विचार,
आपल्या मनाने नको.

पहिल्या खेपेला मला सुई लागलीच नाही.
मुतखडा तसाच दिसतो,
ओल्या रेतीत शिंपला दिसावा तसा पांढरा.
दुसऱ्या खेपेला लागली,
कारण डावीकडे काहीतरी होतं
जे खडा नव्हतं.

चार दिवस मी सुरमई कापली नाही.
तुला म्हटलं होतं हात दुखतो.

आत भियाव नको. बोगदा नाही तो,
आडवा केलेला विहिरीचा कठडा, एवढाच.
श्वास घ्या, धरून ठेवा, असं मशीनच बोलतं.
माझा बाप कालवांसाठी बुडी मारायचा,
त्याच्या निम्मासुद्धा वेळ नाही.
मग घशातनं खाली ऊन ऊन उतरत जातं,
जिभेवर खिळा चोखल्यासारखं,
आणि वाटतं, मुतलो.
मुतलेली नसतेस.
पण जीव घुसमटला, खाज सुटली,
तर गप्प पडून राहू नको, ओरड.

बाहेर येताना काचेतनं पडदा दिसला.
काप, गुलाब. माझेच काप,
एकामागनं एक, कागदाएवढे पातळ,
ना आडाळो, ना रक्त.
काय आहे रे? म्हटलं.
डॉक्टर सांगतील, म्हणाला.
त्याच्या तोंडाकडे बघत बसू नको.
तो सगळ्यांना तसंच सांगतो.

सीडी जपून ठेव.
किरणं असतात, एकदा घ्यायला हरकत नाही,
पण सीडी हरवली म्हणून पुन्हा कशाला?
माझी तांदळाच्या डब्यात आहे.

पाण्याची पिशवी निघाली. वर्षाने बघू म्हणाले.
तुझं काय निघेल, मला ठाऊक नाही,
उगाच बरंच होईल म्हणणार नाही.

पण एक सांगायचं राहिलं.
डॉक्टरनी विचारलं, मासे विकता ना?
पोट साफ करताना कण्याला चिकटलेली
काळी-तांबडी रेघ असते ना आत,
ती माशाची किडनी.

पस्तीस वर्षं, गो,
अंगठ्याने खरवडून टाकतेय मी ती,
घाण म्हणून.

आल्यावर पाणी पी भरपूर, नको सांगितलं नसेल तर.
तुझी टोपली मी विकते गुरुवारी.
भाव तू सांगून जा,
नाहीतर मागनं भांडशील.

काय हो, सुरमई?
या, कापून देते.