अकरा जुड्या

मुंबई ते मस्कत पंधराशे साठ-सत्तर किलोमीटर,
असं स्टँडसमोरच्या तिकीटवाल्या इरफाननं सांगितलं.
विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत पावणेतीन तास.
आईच्या मांडीवर सूप होतं,
सुपात भिजवून कापलेली पानं.
तिनं दातातला दोरा काढला
आणि विचारलं, 'म्हंजे किती गं?'

आमच्या घरी तास असा सुटा कधी नव्हताच.
तासाला शंभर विड्या,
पंचवीसची एक जुडी.
दूध उतू जायला अकरा विड्या लागायच्या,
नळाचं पाणी दोन जुड्या टिकायचं.
माझ्या वेळी कळा सुरू झाल्या
तेव्हा आई सातशे चाळीसवर होती
आणि हजार पुरे करूनच दवाखान्यात गेली,
हे मैमूनबी अजून हसत सांगते.
आई हसत नाही.

'अकरा जुड्या,' मी म्हणाले.
'एवढंच? मी बेळगावला जाऊन यायच्या आत
पोचतीस की तू!'

निघायच्या दिवशी
कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवल्या.
कुणीतरी कुणाच्या तरी एसटीला काळं फासलं होतं,
आमच्यातल्यांनी त्यांच्या, नाहीतर त्यांच्यातल्यांनी आमच्या.
'इळीरी, इळीरी,' कंडक्टर ओरडला,
मग माझी बॅग बघून हळूच मराठीत,
'ताई, पुलापलीकडं कागलची गाडी मिळंल.'

तेवीस किलोची बॅग.
तिचं एक चाक दूधगंगेच्या पुलावरच मोडलं.
आई पुढं, डोक्यावर पिशवी,
पिशवीत शेंगदाण्याची चटणी तीन थरांत बांधलेली.
खाली पाणी बेताचं,
म्हशी दोन्ही राज्यांत पाय देऊन निवांत उभ्या.
पलीकडची गाडी भरेपर्यंत
दीड तास गेला.
'सहा जुड्या,' आई म्हणाली,
'ह्या एवढ्याशा पुलाला.'

खिडकीतून तिला सांगितलं,
तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं.
ती गप्प झाली.
हिशेबात तिला कुणी ठकवलेलं नाही,
ठेकेदारानंसुद्धा.
'मग हितं गेलेला तुला तिकडं परत मिळतोय की!'
आणि एवढं बोलून खूश झाली,
छाट काढलेली विडी कुणी मुकाट परत घ्यावी तशी.
गाडी सुटली.
ती पुलाकडं वळलेली दिसली,
पिशवी माझ्याजवळ होती
तरी एक हात डोक्यावर तसाच धरलेला.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता,
निळ्यावरून सरकणारं पांढरं विमान.
निपाणी त्यात नव्हती.
बेळगावही नव्हतं,
त्यामुळं ते कुणाचं हेही कुणी लिहिलं नव्हतं.
मी बोटं मांडीवर वळत बसले,
पान नाही, तंबाखू नाही, नुसती वळत.
शेजारच्यानं विचारलं, भीती वाटते का.
माझा हात आईइतका चालत नाही,
नवव्या जुडीतच मस्कतचे दिवे दिसले.

पंधरा दिवसांनी मैमूनबीचा फोन.
त्या दिवशी म्हणे परतीची गाडीच मिळाली नाही,
आई निपाणीपर्यंत चालत आली,
पाय धुतले, सूप घेतलं, बसली.
'किती झाल्या त्या रात्री?' मी विचारलं.
पलीकडं भांडं पडल्याचा आवाज,
मग मैमूनबी म्हणाली,
'मोजल्याच न्हाईत गं तिनं.'