उजवं दार

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटच्या अलीकडे,
फाउंड्रीच्या काळ्या वाळूला लागून आमची शेड.
तीन महिने आत एक डुक्कर फियाट उभी,
आणि तिची चार दारं भिंतीला टेकून,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

येळ्ळूरकर बाईंची गाडी. म्हणजे त्यांच्या वडलांची.
रंग झाला, क्रोम झालं, उरल्या खिडक्या.
इराप्पा बडिगेर म्हणाला,
"रंग कोण बी मारतंय.
हात कुणाचा ते दार लावताना कळतंय."

रबर आलं वेटोळं घालून, जानेवारीच्या थंडीनं ताठ.
मी ते ऊन पाण्याच्या बादलीत बुडवलं,
मग पत्र्यावर उन्हात टाकलं.
दुपारपर्यंत धामणीसारखं सुस्त पसरलं.

आधी चौकट. चौकटीत फेल्टची पट्टी,
काचेला वर-खाली जायला मऊ वाट.
पुढच्या कोपऱ्यात तिकोनी काच, आपल्या खिळीवर.
मग चौकट दारात उतरवायची,
चार स्क्रू, चारही अर्धेच आवळायचे.
घाई केली की ती छपराच्या पन्हळीशी भांडते.

साबणाचं पाणी, अंगठा, लाकडी पाचर.
रबर खाचेत दाबायचं, ओढायचं नाही.
ओढून बसवलेलं रात्री आपल्या मापाला परत जातं
आणि सकाळी कोपरा बोटभर उघडा.
हे शिकण्यात माझं पहिलं दार गेलं.

इराप्पा मोजतो कन्नडमध्ये, शिव्या देतो मराठीत,
दाराशी कुठल्या भाषेत बोलतो ते दारालाच ठाऊक.
"बिगि," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "घट्ट."
"सडिल." "सैल."
पान्याला काय, तो दोन्हीकडे फिरतो.

तीन दारं बसली. उजवं पुढचं बसेना.
गेल्या सालचं कॅलेंडर फाडून पट्ट्या केल्या,
दारात धरून दार लावलं, एकेक ओढून बघितली.
खाली अडकते. मागं अडकते.
वरच्या कोपऱ्यातून मार्च महिना सुळ्ळकन बाहेर.

इराप्पानं काच खाली घेतली,
चौकटीला गुडघा लावला, श्वास धरला,
आणि वाकवली.
किती? जोंधळ्याच्या दाण्याएवढी.
पुन्हा पट्टी. मार्च फाटला, पण आला नाही.

मग त्यानं बाहेरून पाइप मारला,
मी आत बॅटरी घेऊन थेंब शोधत बसलो.
एक नाही.
दार लागलं, पिठात वाटी पडावी तसं.
इराप्पानं विडी पेटवली. तेवढंच.

बाई गुरुवारी आल्या, मागच्या सीटवर बसल्या,
खिडकीला डोकं टेकून, लहानपणी बसायच्या तशा.
इराप्पा चालवायला, मी शेजारी.
खानापूर रोडला, पिरनवाडीच्या पुढं, गाडी चाळीसला.
आत इतकं शांत की माझं घड्याळ मला ऐकू येत होतं.
मला वाटलं, खूष झाल्या.

"शीळ गेली की हो," बाई म्हणाल्या.

"कसली शीळ?"

"त्या कोपऱ्यातली. चाळीसला वाजायची.
आम्ही भावंडं मागं झोपलेलो असायचो.
ती थांबली की डोळे न उघडता कळायचं,
घर आलं."

इराप्पा क्षणभर घोटाळला, मग उजळला. "ओ! शिळ्ळे!"
आणि लगेच पडलाच त्याचा चेहरा.
तीन महिने आम्ही तीच बुजवत होतो.
"सील बसली की शीळ जातीच, बाई," तो पुटपुटला,
काचेकडं बघत, माफी मागितल्यासारखा नाही,
पण जवळपास.

मच्छे गेलं.
त्यानं उजवा हात सोडला
आणि तिकोनी काच ढकलली, नखाएवढी.
आली. जाड, फुंकणीतून यावी तशी.
आरशात बाईंनी मान हलवली, ही नव्हे.
तो काच मिटवत गेला, केसभर,
आणखी केसभर, मागचा ट्रक हॉर्न मारून मारून पुढं गेला.

"थांबा. हीच."

मग कुणी बोललं नाही.
परत येताना तिसरं गेट पडलेलं,
लोंढ्याकडची मालगाडी डबे मोजायला लावत होती.
गाडी थांबली, शीळ थांबली.
मी वळून बघितलं. बाईंचे डोळे मिटलेले,
आणि हात दाराच्या कडीवर, उतरायला.

इराप्पानं गेट उघडायची वाट बघितली नाही.
खिशातला खडू काढला
आणि खिळीवर, काच होती तिथंच,
एक बारीक रेघ मारली.