मोजपट्टी

पुलाच्या तिसऱ्या खांबावर रंगवलेली पट्टी
सत्तावीस पावसाळे वाचतोय मी.
तासातासाला बॅटरीचा झोत,
आकडा, वही, सही.
वहीतलं पाणी वरच्या हापिसात जातं,
पुढं त्याचं काय होतं, ठाऊक नाही.
योजनाला मात्र मी स्वतः सांगतो.

(पोरीचं नाव योजना.
तिची आई म्हणाली होती,
सरकारी माणसाची पोर, दुसरं काय ठेवणार!)

ती सुरतेला. खाडीला पाठ लावून
तळमजल्याची खोली, भाडं कमी म्हणून.
जावई लूमवर, रात्रपाळीला.
"दादा, आठे ते ऊन पडेल शे,
ढग नही, काही नही,"
ती हसते, मागं कुकरची शिट्टी.

बेटा, आभाळ बघून पूर कळत नाही.
तुझ्याकडं निघालेलं पाणी
आज दुपारी माझ्या डोळ्यांदेखत गेलं.
घडासकट उपटलेले केळीचे खांब होते त्यावर,
एक निळा ड्रम,
आणि ड्रमवर बगळा, बिनतिकिटाचा.

मधे धरण आहे, माहीत आहे मला.
धरण म्हणजे नदीनं दम खाणं,
थांबणं नव्हे.
आणि परवा अवस.
भरतीच्या वेळी समुद्र
तापीमायला दारात उभं करत नाही.
मग ती तुझं दार बघते.

त्या साली आकडा बरोबर लिहिला होता मी.
खाली भोईवाड्यातली धुरपदा
माझ्याच खांबापाशी जाळी वाळवायची.
तिला हाक मारणं
माझ्या कामात लिहिलेलं नव्हतं.
वही अजून आहे.
अक्षर सुंदर आहे.

म्हणून सांगतो, हसू नको.
रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला
दुधाच्या पिशवीत घालून गाठ मार.
मीटरचा खटका कुठं आहे, अंधारात हात लावून बघ.
आणि वरच्या मजल्यावरची ती बाई,
जिच्याशी तू नळावरून भांडलीस,
तिच्याकडं आजच साखर मागायला जा.
म्हणजे रात्री जिना परका वाटणार नाही.

नऊ वाजता फोन वाजला.
"मांगी लयनी साखर, दादा."
पुढं काही बोलली नाही. मीही नाही.

बॅटरीचा झोत.
दोन बोटं वर.