न ची जागा

वैजूनं नवा घेतला आणि जुना माझ्याकडं आला,
त्याचा स्वेटर आला तसाच.
सायकल त्याच्या बापाकडं गेली.
आमच्या वडगावात वारसा असा उलटा चालतो.

काचेवर एक चीर. चिरेखाली एक अक्षर मेलेलं : न.
दाबून दाबून बोट पांढरं पडतं,
न काही उठत नाही.

म्हणजे नको लिहिता येत नाही.
नंतर येत नाही. नाही तर नाहीच.
शेठ विचारतो, उद्या दोन पेट्या जादा कांड्या भराल?
मी लिहिते, बरं.
जाऊ विचारते, तुझी ती मोरपंखी साडी देशील, एका दिवसापुरती?
बरं.
साडी अजून आलेली नाही.

मग कानडी अक्षरं उघडली,
सहावीपर्यंत गिरवलेली, गोल गोल.
तिथंही न त्याच जागी, त्याच चिरेखाली.
पण कानडीत नकोला बेड म्हणतात, तेवढं सुटलं.
अडलं ते नानूपाशी.
नानू म्हणजे मी.

एकीत नको नाही, दुसरीत मी नाही.
दोन्ही जोडून पाठवलं शेठला : मी बेड.
त्यानं हसरं तोंड पाठवलं
आणि मागोमाग पेट्या.

बोलून लिहायचं वैजूनं शिकवलं होतं.
म्हटलं, काय करालास रे, जेवलास काय?
फोननं लिहिलं : कायदा लालसा जेवण काय.
त्याला पुण्याचं मराठी येतं, बेंगळूरचं कानडी येतं,
मधल्या गल्लीत तो कधी आलेलाच नाही.

शेवटी खडेबाजारात गेले, इरफान किल्लेदारकडं.
काच बदलायला दोन हजार दोनशे.
मी पर्स मिटली.
तो म्हणाला, आडवा धर की अक्का.

आडवा धरला.
अक्षरं पसरली, सरकली,
न चिरेतून बाहेर येऊन उभा.
आठ महिने!
नुसतं आडवं धरायचं होतं.

आता चिरेखाली ळ आलाय.
बेळगाव लिहा, बेळगावी लिहा, ळ दोन्हीकडं लागतो.
मी नुसतं गाव लिहिते.
भांडण मिटलं.

चहा येईतो इरफाननं विचारलं,
पुढचे फोन कसले पाहिजेत अक्का तुला?
उगाच विचारलं असेल. मी मात्र सांगत सुटले.
रुपयाच्या नाण्यानं उघडणारा.
चीर पडली तर तेवढाच तुकडा बदलता येणारा,
साडीला रफू करतात तसा.
मागाची खडखड गाळून
माणूस तेवढा कानात घालणारा, माझ्या सासूसाठी :
नागव्वाच्या डोक्यात माग चाळीस वर्षं चालतोय,
बटण बंद केलं तरी.
आणि बहिणीकडं कागलला गेले की हा स्वागत करतो,
परत आले की पुन्हा स्वागत करतो,
दोन्हीकडं पाहुणीच.
एकदा तरी म्हणावं यानं, आलीस? बस.

इरफान म्हणाला, असला निघाला तर
माझं दुकान बंद पडंल.
मग स्वतःच म्हणाला, पडू दे.
चहाचे पैसे त्यानंच दिले.

रात्री वैजूचा मेसेज.
आई, दिवाळीला नवीन पाठवतो, मोठा, झकास.
मी फोन आडवा केला.
न. मग क ला काना आणि मात्रा.
घाई केली नाही.
पाठवलं.

लगेच त्याचा फोन.
आई, काय झालं? रागावलीस?
म्हटलं, नाही रे. जमतंय का बघितलं.

उद्या सकाळी शेठचा मेसेज येईल.
कांड्यांच्या पेटीला टेकवून
फोन आत्ताच आडवा ठेवलाय.