बाकीचं

मे महिन्यात नागपुरात ईथर बाटलीतच उकळतो.
पस्तीस अंशांचा त्याचा उत्कलनबिंदू
इथली सकाळ नऊच्या आत ओलांडते.
म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला प्रयोगशाळा उघडतो,
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारतो
आणि कॉलम भरायला घेतो.

लाकूड बीजाचं.
देवलापारच्या पलीकडून सोमाजी कुमरेंनी आणलेलं,
वादळात मोडलेल्या फांदीचा गाभा, दोन किलो, पोत्यात.
कंडक्टरनं त्या पोत्याचंही तिकीट फाडलं होतं.
कुटलं, चाळलं, नऊ दिवस मिथेनॉलमध्ये ठेवलं.
मग गोल चंबूत ते फिरत राहिलं, फिरत राहिलं,
आणि तळाशी उरला
काळपट, चिकट, काकवीसारखा अर्क.

उभी काचनळी, तिच्यात पांढरी सिलिका.
वरून काकवी सोडायची, तिच्यामागे हेक्झेन,
मग थेंबाथेंबानं इथिल ॲसिटेट वाढवत न्यायचं.
ज्याला सिलिकाची ओढ नाही तो आधी उतरतो,
ज्याचा जीव गुंततो तो मागे राहतो.
पिवळा पट्टा, तांबूस पट्टा,
आणि मधे काहीच नाही असं वाटणारी जागा.
तिच्यावरच नजर ठेवायची असते.

एकशे चाळीस नळ्यांवर मी आकडे घातले.
त्र्याऐंशीवर असताना लाइट गेली.
कूलर थांबला, नळीत बुडबुडे उठले
आणि सिलिकाला
उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेग गेली.
उपगन्लावार सर आले, वाकून बघितलं, चष्मा पुसला.
"होते," म्हणाले. "पुन्हा भरा."

पुन्हा भरला.

जूनच्या एका पहाटे काळ्या पेटीत पट्टी धरली,
अतिनील दिवा लावला:
एकच ठिपका. निळा.
आमच्या धंद्यात
एकटेपणालाच शुद्ध म्हणतात.
मी दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

अकरा मिलिग्रॅम स्फटिक.
ज्या एन्झाइमला ते थोपवील असं आम्ही धरून चाललो होतो
त्याच्यावर घातले.
काहीच नाही.
मात्रा वाढवली. काहीच नाही.
आणि ती गढूळ काकवी, फ्रीजच्या कोपऱ्यात पडलेली,
तिचा एक थेंब अजूनही एन्झाइमला जागेवर धरून ठेवत होता.

सोमाजी मेडिकलला आले होते, बायकोची शुगर तपासायला.
जाता जाता वर चढून आले.
"किती निघालं जी?"
मी कुपी खिडकीकडे धरली.
त्यांनी डोळे बारीक केले,
काचेवर टिचकी मारली.
"अन् बाकीचं कुठी गेलं?"

बाकीचं.
बेसिनखालच्या कॅनमध्ये. नळी बावन्न ते अडुसष्ट एकत्र ओतलेल्या.
तपकिरी पडलेली सिलिका कचऱ्याच्या पिशवीत.
शोधनिबंधात त्याला दीड ओळ लागते.
मी त्यांना तितकंही सांगितलं नाही.

त्यांनी पिशवीतून एक पेला काढला,
त्याच लाकडाचा, कड घासून गुळगुळीत झालेला,
आमच्या नळाचं जड पाणी भरलं,
खिडकीत ठेवला आणि स्टुलावर बसले.
"दम धरा."
अर्ध्या तासानं उन्हाच्या तिरपीत
पाण्याच्या कडेला तो रंग आला.
तोच. माझ्या काळ्या पेटीतला.
दिवा नाही, पेटी नाही,
आणि तो एकटा नव्हता,
भोवती सगळी पिवळी, तांबडी गर्दी होती.

मी खाली वाकून कॅन बाहेर ओढला,
'टाकाऊ' लिहिलेली चिठ्ठी नखानं खरवडली.
नवी लावली: बीजा, मिश्र. संकलक सो. कुमरे.
मग ड्रॉपर घेऊन खिडकीकडे वळले,
त्या पाण्याचे दोन थेंब मागावेत म्हणून.

तोवर त्यांनी पेला रिकामा केला होता
आणि मिशा पुसत होते.